पान्यापासून पालिकेपर्यंत: कारागीर कामगाराचा युनियनमार्गे राजकारणाचा रस्ता (खान्देश)

बोरीकाठ (धागाकर्ता)

राम राम भाऊस्होन.

जळगाव एमआयडीसीतला फिटर, भुसावळचा रेल्वे खलाशी, धुळ्याचा यंत्रमाग जॉबर, कंत्राटी लाईनमन. हातानं काम करणारी ही माणसं युनियनमध्ये कशी शिरतात आणि तिथून नगरपालिकेत कशी पोचतात, याबद्दल भाषणं भरपूर मिळतात. पण कोणता कागद लागतो, किती सह्या लागतात, काम किती दिवसांचं आहे आणि गाडी कुठे अडते, हे मराठीत एका जागी लिहिलेलं सापडत नाही. ज्यांना हे काम ठाऊक आहे त्यांनी इथे लिहावं. स्वतःच्या आठवणी, सत्कार, कोण कोणाचा माणूस हे सगळं या धाग्याबाहेर ठेवू या. रीत तेवढी सांगा.

पाना_दहा_अकरा

नोंदणीपासून सांगतो.

अर्जावर किमान सात सह्या लागतात. शिवाय त्या आस्थापनेतले १० टक्के किंवा १०० कामगार, यातला जो आकडा लहान असेल तेवढे सभासद हवेत. ४०० कामगारांच्या कारखान्यात ४० झाले. पण म्हणून सात जणांच्याच सह्या घेऊन अर्ज देऊ नका. १९२६ च्या कायद्यात सरळ लिहिलेलं होतं की अर्ज दिल्यावर सही करणाऱ्यांपैकी निम्म्यांपर्यंत लोक गळाले तर अर्ज टिकतो, निम्म्याहून जास्त गळाले तर अर्ज पडतो. सातातले चौघे फुटले की खेळ संपला, आणि चौघांना फोडायला मॅनेजमेंटला एक आठवडा पुरतो. पंधरा सह्या घ्या. त्याही एकाच खात्यातल्या नकोत. टूलरूम, मेंटेनन्स, पॅकिंग, स्टोअर, सगळीकडून दोन-दोन माणसं घ्या.

सोबत घटना जोडावी लागते. त्यात संघटनेचं नाव, उद्देश, पैसा कशावर खर्च होईल, निवडणूक कशी होईल, हिशेब कोण तपासेल, संघटना विसर्जित कशी होईल, हे सगळं असावं लागतं. दुसऱ्या युनियनची घटना उतरवून घेताना तिचंच नाव आत कुठेतरी राहून जातं आणि अर्ज त्रुटीत निघतो. हे फार वेळा होतं. अर्ज हातोहात दिला तर आवक शिक्का घ्या, नाहीतर स्पीड पोस्टानं पोचपावतीसह पाठवा. अर्ज पोचल्याची तारीख हा पुढच्या सगळ्या भांडणातला पहिला पुरावा असतो, कारण ‘युनियन काढली म्हणून काढून टाकलं’ हे सिद्ध करताना कोणती तारीख आधीची ते बघितलं जातं.

आता पावतीपुस्तक. माझ्या मते नेता इथेच घडतो किंवा इथेच संपतो.

१९७१ च्या महाराष्ट्राच्या मान्यता कायद्यात मान्यतेसाठी, म्हणजे कामगारांच्या वतीनं मालकाशी बोलण्याच्या हक्कासाठी, ३० टक्के सभासद हवेत, आणि तेही अर्जाआधीच्या सहा महिन्यांत सलग. ४०० कामगारांत १२० झाले. बहुतेकांना वाटतं की अर्जाच्या दिवशी १२० असले की भागलं. तसं नाही. सहातल्या तिसऱ्या महिन्यात ११८ पावत्या निघाल्या तरी अर्ज अडचणीत येतो. लग्नसराई, पोळा, कापूस वेचणी अशा महिन्यांत वर्गणी राहतेच, म्हणून १२० चं लक्ष्य न ठेवता १८० चं ठेवा.

पावतीवर सहा गोष्टी हव्यात: छापील अनुक्रमांक, तारीख, कामगाराचं नाव, टोकन नंबर, कोणत्या महिन्याची वर्गणी आणि घेणाऱ्याची सही. खाली कार्बन टाकून स्थळप्रत. टोकन नंबर का, तर एका खात्यात तीन ‘संजय पाटील’ असतात आणि मस्टरवर माणूस नावानं नाही, नंबरानं ओळखला जातो.

फसतं कुठे ते सांगतो. वर्गणी तीन महिने थकते, मग एका रविवारी बसून सगळ्यांच्या मागच्या तारखांच्या पावत्या फाडल्या जातात. उलटतपासणीत समोरचा वकील दुसरं काहीच विचारत नाही, फक्त अनुक्रमांक विचारतो. मार्चच्या पावतीचा नंबर ४५१ आणि एप्रिलच्या पावतीचा ४३० निघाला की पुस्तक खोटं ठरतं, आणि त्यासोबत खऱ्या १५० सभासदांची वर्गणीही बुडते. सगळ्या पावत्यांवर एकाच पेनची शाई, एकच हात, एकच दाब, हेही लगेच डोळ्यात भरतं. थकली असेल तर थकली म्हणून दाखवा. आज घेतलेल्या पैशावर आजचीच तारीख घाला आणि ‘थकबाकी मार्च’ असं लिहा.

त्याच कायद्यात मान्यताप्राप्त युनियनला अजून अटी आहेत: वर्गणी महिन्याला किमान ५० पैसे, कार्यकारिणीची बैठक जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या अंतरानं, आणि ठराव इतिवृत्ताच्या वहीत. वही बांधीव ठेवा. सुट्या कागदांची फाईल कोणीही बदलू शकतं.

तापी_पूर्णा

वरचं सगळं कामाचं आहे, पण एक भर घालणं भाग आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा व १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा तिच्यात गेले. संहितेत एकट्या युनियनला वाटाघाटीचा हक्क हवा असेल तर हजेरीपटावरचे ५१ टक्के कामगार तिच्याकडे लागतात. तेवढे कोणाकडेच नसतील तर वाटाघाटी परिषद बसते आणि तिच्यात २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी मिळतो.

संपाचंही बदललं. आता कुठल्याही कारखान्यात १४ दिवसांची नोटीस लागते. आणि अर्ध्या किंवा जास्त कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संप धरला जातो. ‘संप नको, सगळे सीएल टाकू’ ही जुनी युक्ती आजही लोक सुचवतात. आता ती सुचवणारा माणूस स्वतःच्या माणसांना खड्ड्यात घालतोय.

पाना_दहा_अकरा

बरोबर. म्हणून १८० पण विसरा, ४०० मध्ये २०४ च्या वर जा. पावतीची शिस्त मात्र तीच राहते, उलट दोन युनियनांत मोजणी लागली की तिची गरज वाढते.

वाघूर

भो, ४०० कामगारांचा कारखाना जळगावात आहेच किती ठिकाणी? चटईचं युनिट, डाळ मिल, छोटी फॅब्रिकेशनची शेड, कुठे १५ माणसं तर कुठे ४०. १९७१ च्या कायद्यातला मान्यतेचा भाग ५० पेक्षा कमी कामगारांना लागूच होत नाही. त्यामुळे एका युनिटची युनियन काढण्यात दम वाया घालवू नका. अख्ख्या वसाहतीची एक सर्वसाधारण युनियन काढा आणि प्रत्येक युनिटमधून एक प्रतिनिधी घ्या. मान्यता नसली तरी अनुचित कामगार प्रथेची तक्रार करता येते. त्या कायद्याखाली तिची मुदत ९० दिवसांची आहे. ‘बघू, साहेब म्हणाले घेतो परत’ यात तीन महिने कसे जातात ते कळतसुद्धा नाही. माणसाला गेटवर अडवलं की त्याच दिवशी तारीख, वेळ आणि अडवणाऱ्याचं पद लिहून मालकाला पत्र पाठवा: ‘मी कामावर हजर आहे, मला आत घेतलं जात नाही.’ हे पत्र नसेल तर मालक म्हणतो, ‘हा स्वतःच यायचा बंद झाला.’

छोट्या युनिटमध्ये पहिला मुद्दा पगारवाढीचा घेऊ नका. पीएफचा घ्या. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) टाकून पासबुक काढलं की पाच मिनिटांत कळतं की पगारातून १२ टक्के कापले ते भरले की नाही. ईएसआयचंही (कामगार विम्याचंही) तसंच, कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५. कापले आणि भरले नाहीत हे कागदावर सिद्ध होतं, त्यात वादाला जागा नसते. ज्यानं वीस जणांचे पीएफ मार्गी लावले त्याच्याकडे एकविसावा माणूस स्वतःहून येतो.

डीपी_उघडा_आहे

मागणी कशी लिहावी यावर. ‘सुरक्षा साधने पुरवावीत’ या मागणीला कोणीही ‘मान्य’ म्हणून सही करतो आणि काहीच बदलत नाही. कारागिराचा उपयोग इथे आहे. त्याला काम माहीत असतं, त्यानं आकडा टाकावा.

कंत्राटी लाईनमनचं उदाहरण घ्या. ११ केव्हीच्या लाईनवर चढण्याआधी एबी स्विच (खांबावरून लाईन तोडायचा स्विच) उघडणं, त्याला कुलूप लावणं, उपकेंद्रातून परमिट (लाईनवर काम करायची परवानगी) घेऊन त्याचा नंबर लिहून घेणं, लाईन मेली का ते तपासणं आणि मग कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करणं, हा क्रम आहे. माणूस मरतो तो बहुतेकदा शेवटच्या पायरीवर. लाईन बंद असते, पण कुठल्या तरी घरचा किंवा कारखान्याचा जनरेटर उलटा करंट मारतो आणि एकाच बाजूला अर्थिंग केलेलं असतं, कारण गँगकडे डिस्चार्ज रॉडचा (लाईन जमिनीला जोडायच्या दांड्याचा) एकच संच असतो. म्हणून मागणी अशी लिहा: ‘प्रत्येक गँगला डिस्चार्ज रॉडचे दोन संच, प्रत्येक माणसाच्या मापाचे रबरी हातमोजे, त्यांच्या चाचणीची तारीख नोंदवहीत, परमिट लेखी आल्याशिवाय खांबावर चढण्याची सक्ती नाही, आणि तसं नाकारल्याबद्दल गैरहजेरी लावली जाणार नाही.’ शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ते मान्य करताना साहेब अडखळतो, म्हणजे खरी मागणी तीच आहे.

शेवगेदांडी

थोडं मागचं पण असू द्या. १९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपात अर्जुन आळवे हे स्वतः विणकर होते. बाहेरचे शिकलेले पुढारी नंतर आले, त्याआधी गिरणी कामगार महामंडळ आळवे आणि कासले यांच्यासारख्या गिरणीतल्या माणसांच्या हातात होतं. १९२९ मध्ये मीरतच्या कम्युनिस्ट कट खटल्यात दोघांनाही आरोपी केलं. आपल्याकडे शहाद्याला १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली, त्यात अंबरसिंग सुरतवंती होते. ती शेतमजुरांची, भिल्लांची चळवळ, कारखान्याची नाही. पण माणूस आपल्याच माणसांतून वर आला, ही गोष्ट तीच.

आणि ज्यांना वाटतं टर्नर कुठे देश चालवणार, त्यांनी ब्राझीलचा लूला बघावा. आपल्या आयटीआयसारख्या सेनाई या संस्थेत लेथचं काम शिकला, १९६४ मध्ये कारखान्यात डाव्या हाताची करंगळी गेली. १९७५ मध्ये साओ बर्नार्डोच्या धातुकामगार युनियनचा अध्यक्ष झाला. १९७८ मध्ये तिथल्या स्कॅनियाच्या कारखान्यात कामगार मशीनपाशी आले आणि हाताची घडी घालून उभे राहिले, तिथून संपांची लाट उठली. १९८० मध्ये कामगार पक्ष निघाला आणि त्याच वर्षी त्याला तुरुंगातही टाकलं. पुढचा भाग लोक सांगत नाहीत: १९८२ मध्ये तो राज्यपालपदाची निवडणूक हरला, मग १९८९, १९९४, १९९८ अशी तीनदा राष्ट्राध्यक्षपदाची हरला. जिंकला तो २००२ मध्ये. पहिल्या पराभवानंतर युनियनची गाडी विकून घरी बसणाऱ्यांनी हे आकडे भिंतीवर लावावेत.

खलाशी_भुसावळ

रेल्वे, महावितरण, आयुधनिर्माणी इथल्या लोकांसाठी वेगळं लिहायला हवं, कारण खासगीतल्या फिटरचा नियम त्यांना चालत नाही.

रेल्वे कर्मचाऱ्याला युनियनचं काम करता येतं, पण राजकीय पक्षाचं सभासदत्व आणि निवडणूक नाही. १९६६ च्या वर्तणूक नियमांत तशी मनाई आहे. मतदान करता येतं, प्रचार करता येत नाही. नगरपालिका कायद्यातही सरकारी किंवा स्थानिक संस्थेचा नोकर नगरसेवक होऊ शकत नाही. म्हणजे आधी नोकरी सोडावी लागते, आणि इथेच लोक मोठी चूक करतात. अर्जाची तारीख जवळ आली की घाईनं राजीनामा देतात. जुन्या पेन्शनमधल्या, म्हणजे १ जानेवारी २००४ च्या आधी लागलेल्या माणसानं राजीनामा दिला की मागची सगळी नोकरी पेन्शनसाठी बाद होते. त्याऐवजी २० वर्षांची पात्र सेवा झाली असेल तर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घ्यायची. पेन्शन राहते. निवडणूक कधी लागेल याचा अंदाज घेऊन चार-पाच महिने आधी हा कागद टाकावा लागतो. आचारसंहिता लागल्यावर सुचून उपयोग नाही.

केळीचं_पान

मला वेगळंच दुखणं दिसतं. युनियनमध्ये ६०० सभासद आहेत म्हणून ६०० मतं आहेत असं धरून चालतात. जळगाव एमआयडीसीत काम करणारा माणूस राहतो कुसुंब्याला, नशिराबादला, आसोद्याला, मेहरूणला. कोणी रोज पाचोऱ्याहून गाडीनं येतो. कारखान्यात तो एका खात्यात असतो, मतदार यादीत तो पाच गावांत विखुरलेला असतो.

सभासद नोंदवही घ्या आणि प्रत्येकाच्या नावापुढे मतदार यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहा. हे दोन संध्याकाळींचं काम आहे. त्यानंतरच कळतं की आपल्या प्रभागात आपली खरी ३५ घरं आहेत. उरलेली मतं नळ, गटार, दिवे, घरपट्टी यांवरच मिळवावी लागतात. आणि सभासदाच्या घरी गेल्यावर त्याच्या बायकोशी, आईशी बोला. पाणी किती दिवसांनी येतं, किती वाजता येतं आणि मोटर लावली तर वरच्या गल्लीला पोचतं का, हे त्यांना तोंडपाठ असतं.

डीपी_उघडा_आहे

केळीचं पान यांनी पाण्याचं काढलं म्हणून सांगतो. वायरमन-मोटरवाल्या माणसाकडे इथे असं हत्यार आहे जे शिकलेल्या पुढाऱ्याकडे नसतं.

पाणीपुरवठ्याची मोटर जळाली की गाव चार दिवस कोरडं राहतं आणि रिवाइंडिंगचं बिल निघतं. तीच मोटर वर्षात तीनदा जळत असेल तर तो योगायोग नसतो. माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका आणि पाच गोष्टी मागा: मोटरचा एचपी आणि नेमप्लेटवरचा अँपिअर, दोन वर्षांतली रिवाइंडिंगची सगळी बिलं, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी, पंपघराची लॉगशीट, आणि काढलेली जुनी तांब्याची तार भांडारात किती किलो जमा झाली त्याची नोंद. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

आता ते कागद वाचायचे. २० एचपीची मोटर ४१५ व्होल्टवर भरलोडाला साधारण २८ अँपिअर घेते. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटर बंद पाडणारा) फेजच्या वाटेवर असतो, तिथे करंट ०.५८ पट, म्हणजे १६ च्या आसपास. अनेक पंपघरांत तो रिले कोणीतरी २८ वर नेऊन ठेवलेला असतो, कारण ‘सारखा ट्रिप होतो’. तो ट्रिप होत होता कारण एक फेज जात होता किंवा व्होल्टेज पडत होतं. रिले वर चढवला की तो गप्प बसतो आणि वाइंडिंग जळतं. यावर उपाय म्हणजे सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र) आणि रिले योग्य आकड्यावर आणणं, त्याचा खर्च एका रिवाइंडिंगपेक्षा कमी असतो. हे सभेत लिहून, आकड्यासकट मांडलं की मुख्याधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. ‘पाणी द्या, पाणी द्या’ अशा घोषणेला उत्तर द्यायची गरज पडत नाही.

वाघूर

तांब्याची तार हा प्रश्न फार नेमका आहे. बिल नव्या तांब्याचं आणि जुनं तांबं भांडारात शून्य, असं निघालं की पुढचं बोलायलाच नको.

पण एक धोका. हाच वायरमन स्वतः पालिकेची दिवाबत्तीची किंवा मोटर दुरुस्तीची कामं घेत असेल, भावाच्या नावानं घेऊन आपला वाटा ठेवत असेल, तर तो नगरसेवक म्हणून अपात्र ठरतो. १९६५ च्या नगरपरिषद कायद्याच्या कलम १६ मध्ये आहे: पालिकेच्या कामात किंवा कंत्राटात प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष वाटा नको. नळाची फिटिंग करणारे, गवंडीकाम करणारे, वेल्डर, सगळ्यांनी हे आधी बघावं. शेवटचं बिल निघालं का, अनामत परत मिळाली का, कंत्राट संपल्याचं पत्र हातात आहे का? तसंच घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी भरून ना-देय दाखला घ्यावा. १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या तिसऱ्या अपत्याची अटही अनेकांना अर्जाच्या दिवशीच आठवते.

तापी_पूर्णा

पैशाबद्दल कोणी बोललं नाही. युनियनच्या सर्वसाधारण निधीतून निवडणुकीचा खर्च करता येत नाही. राजकीय कामासाठी वेगळा निधी, वेगळी वही, वेगळं पावतीपुस्तक ठेवा, दुसऱ्या रंगाचं असलं तर उत्तम. तो द्यायचा की नाही ही सभासदाची मर्जी, आणि दिला नाही म्हणून त्याला सभासदत्वातून काढता येत नाही, कुठली सवलत बंद करता येत नाही. अपघाती मदतीच्या पैशातून गाडीला डिझेल घातलं हे एकदा कळलं की ती युनियन पुन्हा उभी राहत नाही.

बोरीकाठ

सगळ्यांचे आभार, खूप मोलाचं जमलं. एक राहिलंय: आंदोलनाचे गुन्हे. गेट सभेला परवानगी नव्हती, जमावबंदी होती, रस्ता अडवला, असे गुन्हे युनियनवाल्यावर असतातच. उमेदवारी अर्जात त्याचं काय करायचं?

पाना_दहा_अकरा

लपवायचे नाहीत. शपथपत्रात लिहावेच लागतात आणि विरोधक ते शोधतोच. अडचण अशी की माणसाला आपल्यावर नेमके किती गुन्हे आहेत तेच माहीत नसतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदी असते, ती मोडली म्हणून कलम १३५ लागतं. पोलीस नावं लिहून घेऊन सोडून देतात, चार वर्षांनी समन्स येतं, तोवर पत्ता बदललेला असतो आणि वॉरंट निघतं.

पहिल्या आंदोलनापासून एक फाईल ठेवा. प्रत्येक गुन्ह्याला एक पान: पोलीस ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष, कलमं, दोषारोपपत्र गेलं का, कोर्टाचा केस नंबर, पुढची तारीख, निकाल. निकालाची प्रमाणित प्रत त्याच पानामागे लावा. सरकारनं खटला मागे घेतला असेल तर न्यायालयाच्या मंजुरीचा आदेशही लावा. नुसतं ‘मागे घेतला’ असं वर्तमानपत्रात येऊन खटला संपत नाही.

बोरीकाठ

गुन्हा रजिस्टर नंबर माहीत नसेल तर?

खलाशी_भुसावळ

ई-कोर्टच्या संकेतस्थळावर जिल्हा आणि तालुका न्यायालय निवडून आरोपीच्या नावानं शोधता येतं. आडनाव दोन-तीन प्रकारे टाकून बघा, पाटील, पाटिल, वडिलांच्या नावासह आणि त्याशिवाय. दोषारोपपत्र गेलं नसेल तर तिथे दिसणार नाही, मग पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. हे सगळं अर्ज भरायच्या किमान महिनाभर आधी करा, शेवटच्या आठवड्यात ठाण्यातले निम्मे लोक बंदोबस्तावर असतात.